तक्ता ठेवा, ओळ काढा

कुलसचिवांची चिठ्ठी सव्वाचारला आली.
झुंबरनं चहाचा कप तिच्यावरच ठेवून आणली,
त्यामुळे ‘तातडीने’ या शब्दाभोवती गोल डाग.

संख्याशास्त्राच्या ओव्हाळ मॅडम.
विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांचं पान,
फिकट निळं, चौदा वर्षांत रंग बदललेला नाही:
नमुना निवड, भाग एक ते नऊ,
जुन्या प्रश्नपत्रिका,
आणि तळाशी मुलांना घेऊन केलेली पाहणी.
धायरी, सहाशे चाळीस घरं,
टँकर किती, पैसे किती, रात्री उठतं कोण.
साधा तक्ता. त्याच्याखाली एक ओळ:
‘दोनदा शब्द देऊन ज्यांनी नळ दिला नाही
त्यांना तिसऱ्यांदा मत देऊ नका.’

चिठ्ठी म्हणत होती,
तक्ता ठेवा, ओळ काढा.

मी तळघरातला माणूस.
यंत्रांसाठी अठरा अंश, मी मे महिन्यात स्वेटर घालून.
कोण काय शिकवतं मला कळत नाही,
कोणाचं पान किती जागा खातं तेवढं कळतं.
आणि खरं सांगू, नियम मला पटतो.
सर्व्हर म्हणजे काही कोणाच्या घरचा ओटा नाही.
(मुलीच्या बारशाची आमंत्रणं इथल्याच प्रिंटरवर छापली,
पण कागद मी घरून आणला होता.)

फोन केला तर मॅडम स्वतःच खाली उतरल्या,
चष्मा दोरीला, बाहीला खडू.
म्हणाल्या, काढा, तुमचं कामच आहे ते.
फक्त सांगा,
गणित सोडवून उत्तर खोडलेला पेपर आला
तर मी मार्क किती द्यायचे?
मी हसलो, कारण दुसरं काही सुचेना.
दारातून वळून म्हणाल्या,
इथं फार थंडी आहे हो.

ओळ निवडली. निळी झाली. गेली.

तक्ता नीट बसतोय का बघायला वर सरकलो
तर घर क्रमांक दोनशे बारा.
माणसं पाच. टँकर आठवड्याला दोन.
रात्री पाण्याला उठणारी व्यक्ती:
आजोबा, वय एक्याऐंशी.

आमचे तात्या.
दिवाळीनंतर कुणी कॉलेजची मुलगी येऊन गेली होती खरी,
ताक घेतलं म्हणे तिनं, खूप प्रश्न विचारले.
मी एकही विचारला नव्हता.
मी दमून येतो. सिंहगड रोडवर दीड तास जातो.
सकाळी पिंप भरलेलं असतं.

मग घरी गेलोच नाही साडेनऊपर्यंत.
राज्यशास्त्राचे बेहेरे सर,
उमेदवाराच्या गळ्यात हार घालतानाचा फोटो,
खाली ‘विकासाला साथ’, दोन वर्षं तसाच.
त्याबद्दल चिठ्ठी कधी आली नव्हती. काढला.
वाणिज्यच्या कुणाचं बँकेच्या पॅनेलसाठी आवाहन. काढलं.
एकानं लिहिलेलं, टेकडी फोडू देऊ नका.
माझंही मत तेच. काढलं.
कुलसचिवांच्या पानावर
मंत्रीमहोदयांचं वाढदिवसाचं अभीष्टचिंतन, कमळापासून कलशापर्यंत सगळी नक्षी.
इथं बोट थांबलं जरा.
चिठ्ठीवरचा डाग पाहिला.
तातडीने.

सोमवारी खुलासा मागवला:
कोणाच्या आदेशाने?
मी त्यांचीच चिठ्ठी जोडली, झेरॉक्सवर डागही उमटला.
पुढे काय होईल ते होईल, पेन्शनला सहा वर्षं आहेत.

पण ते सोमवारी. त्या रात्री
अडीचला गजर लावला होता, त्याच्या आधीच जाग आली.
बोळात टँकरचा दिवा, आणि तात्या,
बनियन, गुडघ्याला पट्टा, दोन्ही हातांनी पाइप धरलेला.
म्हणाले, झोप की रे, तुला ऑफिस आहे.
मी पाइप धरला.
ते सोडेनात.